परमुलखीचे तांबे आणि वैनगंगेचा डोंगा

पवनी या नगराचे नाव निघाले म्हणजे बहुश्रुत वाचकास प्रथम आठवण होते ती जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाची. 1969-70 या वर्षी नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, आणि भारहूत-सांचीच्या परंपरेला जोडणारे कोरीव स्तंभ व ब्राह्मी दानलेख प्रकाशात आणून या गावाची प्राचीनता निर्विवाद सिद्ध केली. त्यानंतर आठवते ते तिन्ही बाजूंनी तटबंदी आणि चौथ्या बाजूस नदी अशा रचनेचे जुने ठाणे, रेशीमकाठी वस्त्रे विणणारा येथील कोष्टी समाज, आणि ज्यांच्यामुळे या गावास विदर्भाची काशी म्हणतात ते वैनगंगेचे घाट. परंतु ज्या नदीच्या आधाराने स्तूप उभे राहिले, ठाणे वसले व घाट बांधले गेले, त्या नदीवर शतकानुशतके वावरणारी जी नाव, आणि त्या नावेसाठी लागणारे लाकूड, लोखंड, दोर, सूत, तेल व राळ कोठून येत होती याचा जो व्यवहार, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. नावेचे साहित्य आपल्या मुलखातले घ्यावे की परमुलखातून आणवावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ बाजारभावाचा वाटतो. वास्तविक तो राजनीतीचा, अरण्यनीतीचा आणि कारागिराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि मराठी मुलखात तो तीनशे वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे.

वैनगंगेवरील पारंपरिक नाव म्हणजे डोंगा. समुद्रावरील गलबत, मचवा किंवा शिबाड यांच्याशी तुलना केली असता तो अगदीच साधा दिसतो. त्यास ना शीड, ना डोलकाठी, ना पाण्यात खोलवर जाणारा कणा. परंतु ज्या पाण्यासाठी तो घडला त्या पाण्याचा विचार केला म्हणजे त्याच्या साधेपणातील शहाणपण ध्यानात येते. शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाट, गोंदिया, भंडारा यांवरून दक्षिणेस वाहणारी आणि चपराळ्याजवळ वर्धेस मिळून प्राणहिता होणारी ही नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि चैत्र-वैशाखात वाळूच्या पुळणींमधून वाट काढीत जाते. अशा नदीवर जी नाव वीतभर पाण्यातही तरंगेल, वाळूवर घासली तरी फुटणार नाही आणि दोघा-तिघांना उचलून पुढील डोहात सोडता येईल, तीच खरी उपयुक्त. झाडीपट्टीच्या अरण्यातील साग किंवा मोह यांचे लाकूड, गावच्या लोहाराने घडविलेले खिळे व पट्ट्या, फटी बुजविण्यास कापूस व राळ, लाकूड मुरविण्यास या प्रदेशात मुबलक पिकणाऱ्या जवसाचे तेल, आणि नाव रेटण्यास लांब बांबू, इतक्या सामग्रीत डोंग्याचे सारे शास्त्र सामावलेले असे. लोखंडदेखील फार दुरून यावे लागत नसे. चांदा जिल्ह्यातील लोहारा व देवळगाव येथील लोहखनिजाची कीर्ती जुनी आहे, आणि विलायती लोखंडाचे गज रेल्वेने येऊ लागेपर्यंत या बाजूच्या भट्ट्यांतूनच आसपासची गरज भागत असे.

या नावेचा स्वामी ढिवर. रसेल व हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या चार खंडी ग्रंथात या समाजाचे मासेमारी, पाणी वाहणे, नावा चालविणे आणि तलावांत शिंगाड्याची लागवड करणे असे व्यवसाय सांगितले आहेत. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेल्या त्या तलावांवर आणि वैनगंगेच्या डोहांवर याच समाजाचे हात राबत आले. जाळे हे त्याचे नावेइतकेच महत्त्वाचे साधन, आणि तेही घरचेच. सण किंवा अंबाडी भिजवून, कुजवून, धुऊन काढलेल्या वाखाचे सूत वळावयाचे. त्याची गाठ किती अंतरावर मारावयाची, हे कोणत्या डोहात कोणत्या ऋतूत कोणता मासा येतो या ज्ञानावरून ठरवावयाचे. हे ज्ञान कोणत्याही दुकानात विकत मिळत नसे, आणि आजही मिळत नाही. तागा-सणाचे सूत पाण्यात लवकर कुजते, म्हणून जाळे वरचेवर वाळवावे लागे. कोकणात ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. याचा अर्थ असा की, जुन्या जाळ्याचे आयुष्य अल्प असले तरी त्याची दुरुस्ती व पुनर्निर्मिती पूर्णपणे वापरणाराच्या हाती होती, आणि हा मुद्दा पुढील सर्व विवेचनात वाचकांनी दृष्टीआड होऊ देऊ नये अशी माझी विनंती आहे.

आता समुद्राकडे वळू. मराठी भाषेत या विषयावर जो सर्वांत गंभीर विचार लिहून ठेवला गेला तो समुद्रावरील नावांसंबंधीचा आहे. कल्याण-भिवंडीच्या बाजूस शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभली, तेव्हा युद्धनौका बांधण्याचे कसब जाणणारा रुइ लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज व त्याच्याबरोबरचे कारागीर चाकरीस ठेवले होते. परंतु 1659 मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितविल्यामुळे ती सारी मंडळी काम टाकून निघून गेली. आरमार त्यामुळे थांबले नाही, कारण लाकूड आपले होते आणि सुतारही तयार होत होते. मात्र उसने घेतलेले कसब कोणत्या क्षणी हातातून निसटेल याचा तो पहिला धडा होता. तोफांच्या बाबतीत परावलंबन अधिक काळ टिकले. राजापुरास फ्रेंचांकडून तोफा व शिसे खरेदी केल्याचे इंग्रजी कागदपत्रांवरून ज्ञात आहे. नौकेचा सांगाडा घरचा आणि तिच्यावरील अवघड साहित्य टोपीकरांकडचे, म्हणजे युरोपीयांकडचे, ही विभागणी सतराव्या शतकातच स्थिर झाली, आणि तिचे स्वरूप अद्याप फारसे पालटलेले नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचे 1716 मधील ‘आज्ञापत्र’ या विभागणीचा विचार तत्त्वतः करते. आरमाराच्या प्रकरणात अमात्यांनी नौकेस लागणाऱ्या थोर लाकडांचा प्रश्न घेतला आहे. राज्यातील अरण्यांत जो साग वगैरे मिळेल तो सरकारची परवानगी घेऊन तोडावा आणि उरलेली गरज परमुलखातून खरेदी करून भागवावी, असा त्यांचा हुकूम आहे. आंबा व फणस यांचे लाकूडही नौकेच्या उपयोगी पडणारे असले तरी त्यांस हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे जोपासलेली असतात, आणि ती तोडल्याने होणारे दुःख राजास बाधते, अशी त्यामागील भूमिका आहे. एखादे झाड अत्यंत जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तरच, धन्यास राजी करून व मोल देऊन, ते घ्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. हा उतारा पुष्कळदा शिवाजी महाराजांच्या नावावर उद्धृत केला जातो आणि पर्यावरणरक्षणाचा दाखला म्हणून गौरविला जातो. तो गौरव योग्यच आहे. परंतु त्यात खरेदीचे जे तत्त्व आहे ते बहुधा अलक्षित राहते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. स्वदेशी म्हणून सारेच घरचे वापरावे, असे अमात्य म्हणत नाहीत. घरच्या वस्तूचे खरे मोल केवळ तिच्या तोडणावळीत व वाहतुकीत मोजून भागत नाही, ज्याच्या दारातून ती उचलली जाते त्याचे नुकसान त्यात धरावे लागते, आणि ते धरल्यावर परमुलखाची महाग खरेदी प्रसंगी स्वस्त ठरते, असा तो हिशेब आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र टोपीकरांविषयी कठोर सावधगिरी सांगितलेली आहे. त्यांच्याशी व्यापार असावा, पण त्यांना जागा देऊन मूळ धरू देऊ नये, असा त्याचा भाव आहे. परमुलखातून घ्यावे आणि परक्याच्या अधीन मात्र होऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. परदेशी खरेदीसंबंधी इतका समतोल विचार पुढील दोन शतकांत कोणत्याही सरकारी दफ्तरात मला आढळलेला नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबई बंदरात या विभागणीने भव्य रूप धारण केले. लवजी नसरवानजी वाडिया 1736 च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, 1750 मध्ये तेथे पहिली सुकी गोदी सिद्ध झाली, आणि पुढे त्यांच्या वंशजांनी मलबारच्या सागवानाची जी जहाजे बांधली त्यांची ख्याती खुद्द इंग्लंडात पोहोचली. 1810 मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर तयार झालेले पहिले मोठे युद्धजहाज होय. इंग्लंडात युद्धकाळामुळे ओक दुर्मीळ झाला होता, आणि सागवान ओकापेक्षा अधिक टिकत होता. म्हणून इंग्रजांनीच आपली नौका परमुलखातून घेण्याचा निर्णय केला, आणि त्यांच्या दृष्टीने परमुलूख म्हणजे आपली मुंबई होती! तथापि सागवानी सांगाड्याच्या बुडाशी किड्यांपासून संरक्षणार्थ ठोकावयाचे तांब्याचे पत्रे मात्र इंग्लंडहूनच यावयाचे.

त्या तांब्याची एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1812 च्या अखेरीस ‘जावा’ नावाची ब्रिटिश युद्धनौका हिंदुस्थानच्या वाटेवर होती. तिच्यात मुंबईस बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजाकरिता तांब्याचे पत्रे होते, आणि मुंबईसच बांधावयाच्या ‘ट्रिंकोमाली’चे आराखडेही होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेशी तिची गाठ पडली, तीत ती पराभूत झाली, आणि जेत्यांनी ती जाळून टाकली. तांबे गेले, आराखडे गेले. ‘कॉर्नवॉलिस’ 1813 मध्ये पाण्यात उतरले खरे. परंतु ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे पुन्हा पाठवावे लागले, जमशेटजींनी पारशी रिवाजानुसार रुप्याचा खिळा ठोकून तिचा प्रारंभ केला तो 1816 मध्ये, आणि ती तरली 12 ऑक्टोबर 1817 रोजी. ती नौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागवान, सुतार, गोदी ही सारी सिद्धता मुंबईत असूनही, दक्षिण अटलांटिकमध्ये झालेल्या एका लढाईने मुंबईचे काम खोळंबावे, ही घटना दूरच्या पुरवठ्यावर विसंबण्याची किंमत जितकी स्पष्ट दाखवते तितकी कोणतीही आकडेवारी दाखवू शकणार नाही. त्याच ‘जावा’वर मुंबईच्या सैन्याचे आधिपत्य स्वीकारण्यास निघालेले टॉमस हिस्लॉप हे सेनानी होते. ते युद्धकैदी होऊन सुटले, पुढे मद्रासकडे आले, आणि डिसेंबर 1817 मध्ये महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव त्यांनीच केला. तेच ते मराठी सत्तेच्या अस्ताचे युद्ध. त्याच युद्धात, नागपूरकर भोसल्यांशी बिघाड झाल्यानंतर, 1818 मध्ये इंग्रजांनी पवनीचे ठाणे हल्ला करून घेतले.

वाफेच्या युगात यंत्रांनी तांब्याची जागा घेतली. 1829 मध्ये मुंबईस बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीचा सांगाडा वाडियांचा आणि यंत्रे इंग्लंडची. आर्देशीर करसेटजी वाडिया यांनी स्वतः लहान बाष्पयंत्र तयार करून दाखविले, आणि 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. तथापि व्यक्तीच्या बुद्धीने उद्योग उभा राहत नसतो. त्यास राज्याचे धोरण लागते, आणि ते धोरण मँचेस्टर व ग्लासगो यांच्या हिताचे होते.

याच काळात वैनगंगेच्या खोऱ्यावरही विलायतेची दृष्टी पडली. नागपूर-वऱ्हाडचा कापूस जलमार्गाने पूर्व किनाऱ्यास न्यावा, यासाठी सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून गोदावरी-प्राणहिता-वर्धा या मार्गावर नौकानयनाची योजना आखली गेली. दुम्मागुडेमचा पहिला, सिरोंचाच्या बाजूचा दुसरा आणि प्राणहितेवरील देवलमरीचा तिसरा, असे खडकांचे तीन अडथळे बांध-कालव्यांनी ओलांडावयाचे होते. वर्षानुवर्षे काम चालले, माणसे तापाने दगावली, आणि 1871 मध्ये योजना सोडून देण्यात आली. तिच्या अपयशाचे एक कारण असे की, 1867 मध्येच रेल्वे नागपुरास येऊन पोहोचली होती. योजना फळास आली असती तर पवनीच्या घाटापुढील नदीचा व्यापारच निराळा झाला असता. परंतु तसे घडले नाही, आणि डोंगा जसा होता तसाच राहिला. मला त्यात हळहळ वाटत नाही. कापूस वाहून नेणाऱ्या आगबोटींच्या त्या योजनेत ढिवराला काय स्थान होते, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

रेल्वेने मात्र ढिवराचे जाळे आणि कोष्ट्याचा माग या दोहोंपर्यंत परमुलूख आणून सोडला. विलायती सूत आधी आले, 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरास टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाल्यावर गिरणीचे सूत घराजवळच मिळू लागले, आणि 1908 मध्ये नागपूर-नागभीड हा अरुंद रुळांचा मार्ग खुला झाल्यावर ‘पवनी रोड’ या स्थानकामुळे या तालुक्यास नागपूरचा बाजार सुगम झाला. डांबर आले, खिळे मोळ्यांनी न येता पेट्यांनी येऊ लागले, लोहाराचा गळ मागे पडून कारखान्याचा गळ आला. या गळांचा इतिहास मोठा बोधक आहे. नॉर्वेतील मुस्टाड या घराण्याने 1877 च्या सुमारास गळ तयार करणारे यंत्र सिद्ध केले, आणि अल्पावधीत जगातील बहुतेक किनाऱ्यांवर व नद्यांवर त्यांचाच गळ दिसू लागला. गळ ही वस्तू लहान, हलकी, न कुजणारी, आणि मोडली तर दुरुस्त न करता टाकून देण्याजोगी; अशी वस्तू परदेशाहून आणण्यात कोणाचेही नुकसान होत नाही. नुकसान होते ते जी वस्तू वापरणाऱ्यास वारंवार सांधावी लागते ती परदेशाहून आणण्यात. खरेदीच्या विवेकाची रेघ मी येथे ओढतो. ती देश कोणता यावरून ठरत नाही. सांधणारा हात किती जवळ आहे, यावरून ती ठरते.

नदीपार उतारूंना नेणाऱ्या नावांचा व्यवहार इंग्रजी अमलात निराळ्या चाकोरीत गेला. 1878 च्या उत्तर हिंदुस्थान नौका-कायद्याखाली मध्यप्रांतातील घाट लिलावाने मक्त्यास दिले जात. मक्तेदाराने दराचा तक्ता लावावा व नावा सुस्थितीत ठेवाव्यात अशी अट असे. मक्ता मुदतीचा, म्हणून मक्तेदारास स्वस्त नाव हवी. ती घाटावरच बांधली जाई, घाटावरच डागडुजी होई. सरकारी अट आणि खासगी लोभ हे दोन्ही येथे स्थानिक सुताराच्या पथ्यावर पडले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ हा आयात-परवान्यांचा काळ. 1947 चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा, त्यानंतर दहा वर्षांनी आलेली परकीय चलनाची टंचाई, आणि 6 जून 1966 चे रुपयाचे अवमूल्यन यांमुळे विलायती यंत्र घेणे म्हणजे अर्ज, शिफारस, परवाना व प्रतीक्षा यांचे प्रकरण झाले. डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून एका रात्रीत 7.50 रुपये झाला, म्हणजे परदेशी इंजिनाची किंमत दीडपटीहून अधिक झाली. कोकणच्या किनाऱ्यावर मचव्यांना इंजिने बसविण्याचे काम तोपर्यंत वेगाने चालू झाले होते. केरळात 1952 च्या करारान्वये आलेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक मासेमारीचा नमुना घालून दिला होता. 1957 मध्ये कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली होती. मराठी मुलखाचे सुदैव असे की, येथे 1946 मध्येच खडकीस शंतनुराव किर्लोस्करांनी तेल इंजिनांचा कारखाना ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने उभारला होता. शेतीच्या पंपासाठी घडलेले ते इंजिन खेडोपाडीच्या मिस्त्रीस परिचित झाले, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानी मिळू लागले. विलायती इंजिन अधिक गुळगुळीत चालत असेल, कमी तेल पीत असेल. परंतु त्याचे एक वाशर मोडले तर आख्खा हंगाम बुडे, आणि मासेमारीच्या धंद्यात हंगाम बुडणे म्हणजे सावकाराचे दार ठोठावणे. किर्लोस्करांच्या इंजिनाने परदेशी इंजिनास जो पर्याय दिला त्याचे श्रेय देशाभिमानापेक्षा मिस्त्रीच्या ओळखीस अधिक आहे, असे मला वाटते.

भंडारा जिल्ह्यात इंजिनांचे युग फार उशिरा आले; येथे क्रांती झाली ती नायलॉनची. 1938 मध्ये अमेरिकेत जाहीर झालेला हा धागा युद्धानंतर जपानी कारखानदारांनी जाळ्यांत आणला. पुढे भारतातही नायलॉन तयार होऊ लागले. न कुजणारे, हलके, पाण्यात न दिसणारे हे जाळे एकदा हाती आल्यावर सणाचे सूत वळण्यात दिवस घालविण्यास कोणी तयार होईना, आणि त्यात ढिवराचा काही दोष नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्यप्रदेशात असलेला हा जिल्हा मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आला. मालगुजारी नाहीशी होऊन तलाव सरकारकडे गेले. मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या, आणि शासनाने जाळ्याच्या सुतावर व लहान नावांवर अनुदान देण्याची योजना चालविली. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद पाहण्याजोगा आहे. संस्थेने नायलॉनचे सूत घेतले, तर गाठ ढिवराच्या घरी पडते, आसाचे, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचे, माप तो ठरवितो आणि फाटलेले जाळे तोच विणतो. संस्थेने यंत्रावर विणलेले तयार जाळे घेतले, तर आसाचे माप कारखान्याने ठरविलेले असते. बारीक आसाच्या जाळ्यात मत्स्यबीजदेखील येते, आणि मग पुढील वर्षी डोहात मासळी राहत नाही. परक्या धाग्याने जे बिघडले नाही ते परक्या मापाने बिघडते.

पवनीच्या वरच्या अंगास गोसे खुर्द गावाजवळ 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली त्या धरणाने या कथेचा पुढील अध्याय आरंभिला आहे. सव्वाअकरा किलोमीटरांहून लांब बांध, तेहतीस दरवाजे, आणि नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गावेच्या गावे पोटात घेणारा जलाशय. वाळूतून वाट काढणाऱ्या नदीसाठी घडलेला डोंगा या विस्तीर्ण, वाऱ्याच्या पाण्यावर असहाय होतो. तेथे उंच काठाची नाव लागते, प्रसंगी यंत्र लागते. फायबरच्या नावा आल्या, त्या मुख्यतः किनारपट्टीवरील कारखान्यांच्या साच्यांतून. फायबरची नाव फुटली तर काचतंतूची चटई, राळेसारखे रसायन आणि ते घट्ट करणारे दुसरे रसायन यांच्या योग्य प्रमाणाचे ज्ञान असल्याखेरीज ठिगळ टिकत नाही. जागा पूर्ण कोरडी नसेल तर ते सोलून निघते. नावेच्या पाठीवर अडकवावयाची बाह्ययंत्रे तर आजही बहुतांशी जपानी नावांची.

आता अशी यंत्रे व साहित्य परदेशी दुकानातून घरबसल्या मागविता येतात. 1991 नंतर परवान्याचे राज्य गेले, आणि तेथील यादीतील किंमत येथील विक्रेत्याच्या किमतीपेक्षा कमी दिसते, हेही पुष्कळदा खरे असते. परंतु त्या किमतीत सागरी वा हवाई भाडे, विमा, आयातशुल्क, कर, बंदरावर माल सोडविणाऱ्या दलालाची फी आणि बंदरापासून भंडाऱ्यापर्यंतची वाहतूक मिळविली म्हणजे अंतर झपाट्याने कमी होते. आणि हमीपत्राचा प्रश्न आला म्हणजे ते अंतर उलटे होते, कारण सदोष वस्तू परत पाठविण्याचा खर्च खरेदीदाराच्या माथी येतो. याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. स्वच्छ समुद्रासाठी किंवा थंड प्रदेशातील सरोवरांसाठी घडविलेले यंत्र नागपूरच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यात चालविले जाते. नाग नदी कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस, आणि त्या पाण्यावर पोसलेली जलपर्णी जलाशयावर पसरते. यंत्र थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणारी जाळी तिने तुंबते, पंखा गुंतून बसतो, आणि गाळामुळे पाणी फिरविणारी रबरी चक्री झिजते. ती चक्री तळहाताएवढीसुद्धा नसते, किंमतही फारशी नसते. परंतु ती पवनीत मिळत नसेल आणि बसविता येणारा मनुष्य पवनीत नसेल, तर लाखाचे यंत्र निरुपयोगी लोखंड होऊन पडते. स्थानिक विक्रेता जी अधिक किंमत घेतो ती जर अशा चक्र्या शेल्फावर ठेवण्याची असेल, तर ती दिली पाहिजे; आणि तो काहीही न ठेवता केवळ मधला हात म्हणून ती घेत असेल, तर त्याला टाळून परदेशी मागणी नोंदविणाऱ्यास मी दोष देणार नाही.

गोसे खुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन वाढविण्याचा शासनाचा संकल्प आहे. त्यासाठी नावा येतील, तरते धक्के येतील, यंत्रे येतील, जीवरक्षक जाकिटे येतील. यांतील काही परदेशाहून यावी लागतील आणि त्यात गैर काही नाही. परंतु निविदेच्या कागदावर नावांच्या संख्येबरोबरच दुरुस्तीची कार्यशाळा कोठे असेल हे लिहिलेले असावे, आणि ती नागपुरास नसून पवनी तालुक्यात असावी. सुट्या भागांचा किमान साठा किती व कोणाच्या ताब्यात, हे करारात नमूद असावे. फायबरची डागडुजी व बाह्ययंत्राची देखभाल हा अभ्यासक्रम येथील औद्योगिक प्रशिक्षणात घालावा, आणि त्यात पहिल्या जागा ढिवर समाजाच्या मुलामुलींना मिळाव्यात, कारण ज्यांचे डोह या जलाशयात बुडाले त्यांचा या नव्या नावांवर पहिला हक्क आहे. सहकारी संस्थांना अनुदान देताना तयार जाळ्याऐवजी सूत घेणाऱ्या संस्थेस अधिक टक्का द्यावा. आणि जुना डोंगा बांधू शकणारे जे थोडे वृद्ध सुतार या काठावर अद्याप हयात असतील, त्यांच्याकडून एक डोंगा सरकारी खर्चाने बांधवून घ्यावा, त्याच्या प्रत्येक फळीची, खिळ्याची व सांध्याची मापे नोंदवावीत, आणि तो डोंगा संग्रहालयाच्या काचेआड न ठेवता धरणाखालच्या उथळ पाण्यात, जेथे अजूनही त्याच्याइतकी योग्य नाव दुसरी नाही, तेथे चालता ठेवावा.